तिसरं वर्ष

निवेस पोत्सोलीबरोबर मी एकतीस वर्षं एकाच लॅबमध्ये काढली. ती संशोधक, मी तंत्रज्ञ. पेशी वाढवायच्या, वेळेवर त्यांचं अन्न बदलायचं, नळ्यांवर नावं लिहून त्या गोठवून ठेवायच्या, ही माझी कामं. विचार करणं हे तिचं. गेल्या ऑक्टोबरात ती गेली. इटलीतल्या आमच्या पावियात धुकं नुकतंच उतरायला लागलं होतं. चर्चमध्ये आम्ही सोळा माणसं होतो, त्यात सात आमच्याच मजल्यावरची. तिनं घासूनपुसून परदेशी पाठवलेल्या तेवीस विद्यार्थ्यांपैकी दोघं येऊ शकली. बाकीच्यांची फुलं आली. एकाची तीही आली नाहीत. त्याचं आणि तिचं काय झालं ते आता सांगायला हरकत नाही, कारण ज्या दोघींनी ते झाकून ठेवलं होतं त्या दोघीही आता नाहीत.

निवेसचे वडील रेल्वेत सांधेवाले होते. आई ती लहान असतानाच वारली. १९८४ साली, सत्तावीस वर्षांची असताना, निवेसला एडिंबरामधल्या एका लॅबची फेलोशिप मिळाली. निघायला तीन आठवडे उरले असताना वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. तिनं एडिंबराला दोन ओळींचं पत्र लिहिलं आणि ती घरी राहिली. वडील त्यानंतर अकरा वर्षं जगले. शेवटी शेवटी, शब्द नीट फुटत नसताना, ते तिला म्हणाले, की तू जायला हवं होतंस. हे मला सांगताना ती हसत होती. मला मात्र तिच्याकडे बघवेना.

पुढे शेचाळिसाव्या वर्षापर्यंत ती एकेका वर्षाच्या करारावर राहिली. लग्न केलं नाही. वडिलांच्याच घरात, स्टेशनमागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. आणि कुणी न सांगता तिनं एक काम अंगावर घेतलं. मिलानमधली एक संस्था दरवर्षी नुकती डॉक्टरेट झालेल्या मुलांना फेलोशिप द्यायची. दोन वर्षं परदेशातल्या चांगल्या लॅबमध्ये काम शिकायचं, आणि तिसरं वर्ष परत इटलीत, शिकलेलं इथं रुजवायला. त्या मुलाखतीची तयारी निवेस करून घ्यायची. अर्ज सात-सात वेळा लिहायला लावायची. मग टेबलाच्या पलीकडे बसून स्वतःच परीक्षक व्हायची आणि मुलांची सालटी काढायची. मुलं रडकुंडीला यायची, पण पास व्हायची. जायची. तिसऱ्या वर्षासाठी परतणारे मात्र मोजकेच, आणि परतलेल्यांना चौथ्या वर्षी इथं बसायला खुर्ची मिळेलच असं नसायचं. निवेसला ते कळत होतं. तरी प्रत्येकाला ती हेच सांगायची, की आधी जा, परत येण्याचं नंतर बघू.

सावेरिओ लामान्ना आमच्याकडे डॉक्टरेटला आला तो कालाब्रियाहून, लोक्रीजवळच्या एका गावातून. उंच, हडकुळा आणि फार कमी बोलणारा. त्याला रक्ताच्या एकाच आजारावर काम करायचं होतं, थॅलेसेमियावर. कारण विचारायची गरज पडली नाही. दुसऱ्या वर्षी तो बहिणीलाच घेऊन आला. मेलीनाला जन्मापासून थॅलेसेमिया होता. दर अठरा दिवसांनी रक्त चढवायला लागायचं, आणि त्या परक्या रक्तातलं लोह अंगात साठू नये म्हणून पोटाच्या कातडीखाली औषधाच्या पंपाची सुई टोचून झोपायचं. गावापेक्षा पावियात उपचार चांगले होतील म्हणून तो तिला आपल्या खोलीवर ठेवून घेऊ लागला.

मेलीना भावाच्या अगदी उलट. पहिल्याच दिवशी लॅबमध्ये येऊन तिनं माझ्या पेशींकडे सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि म्हणाली, की माझा भाऊ यांच्याशी बोलतो का हो, कारण घरी तर कुणाशीच बोलत नाही.

सावेरिओची डॉक्टरेट २००६ च्या सुरुवातीला संपली. निवेसनं त्याच्यासाठी फिलाडेल्फियातली लॅब हेरून ठेवली होती. तो जायला तयार नव्हता. मेलीनाला कोण बघणार, एवढं एकच त्याचं उत्तर. त्या दिवशी आम्ही चौघं लॅबशेजारच्या बारमध्ये कॉफी पीत उभे होतो. निवेसनं कप खाली ठेवला.

"लामान्ना, माझ्या घरात एक खोली रिकामी आहे. मेलीना माझ्याकडे राहील. मी आहे ना."

तो मान खाली घालून म्हणाला, "दोत्तोरेस्सा, तुमच्यावर कशाला ओझं?" दोत्तोरेस्सा, म्हणजे डॉक्टरबाई, अशीच तो तिला हाक मारायचा.

मेलीनाच मध्ये बोलली. "तू जा बाबा. नाहीतर मी म्हातारी होईपर्यंत ऐकवत बसशील, की हिच्यामुळे राहिलो." मग निवेसकडे वळून म्हणाली, "पण तुम्हाला तिखट चालतं का? मला त्याशिवाय जेवण जात नाही."

निवेसला तिखट अजिबात चालत नव्हतं. ती म्हणाली, चालतं.

मग मुलाखतीची तयारी सुरू झाली. सावेरिओचं इंग्रजीसुद्धा कालाब्रियाच्या हेलात यायचं. निवेस म्हणायची, की तुझं बोलणं त्यांना नाही कळलं तरी चालेल, तुझे आलेख कळले पाहिजेत. ही फेलोशिप तुलाच का द्यावी, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला की मी कष्ट करतो. "कष्ट गाढवंही करतात. पुढचं सांग." त्यानं पुढचं सांगायला महिना घेतला. जून संपता संपता निकाल आला आणि सप्टेंबरात तो गेला.

निवेसच्या घरात मेलीना राहायला आली आणि घराचा नूरच बदलला. दर महिन्याला दक्षिणेतून तिच्या आईचा खोका यायचा. तेलात मुरवलेली वांगी, उन्हात वाळवलेले टोमॅटो, मिरचीनं लालभडक झालेलं सॉसेज. आयुष्यभर लोण्यातला पांढरा भात खाल्लेली निवेस डोळ्यांतून पाणी काढत ते खायची आणि मेलीना शेजारी बसून हसायची. मेलीनानं एका लोकर-बटणांच्या दुकानात काम धरलं. रक्त चढवायच्या दिवशी निवेस तिच्याबरोबर इस्पितळात जायची आणि तिथंच मुलांचे अर्ज तपासत बसायची. मेलीना तिला झीया म्हणायची, म्हणजे मावशी. लॅबमध्ये निवेसच्या टेबलावर आता अर्जांबरोबर मेलीनानं विणलेला, एक बाही लांब झालेला स्वेटर असायचा. थंडी वाजली की ती तोच घालायची. पन्नाशीच्या बाईनं लांब बाही कोपरापर्यंत दुमडून फिरावं, याची मजल्यावर चेष्टा व्हायची. तिला पर्वा नव्हती. इतकी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती.

एक गोष्ट मात्र तिला खटकायची. मेलीना पंपाची सुई नेमानं लावत नव्हती. निवेस रागवायची, मेलीना हो हो म्हणायची, आणि दोन दिवसांनी सुई तशीच डब्यात सापडायची. चोवीस वर्षांची मुलगी, पोटावर गाठी आलेल्या. तिला कंटाळा यायचा याचं मला नवल वाटत नव्हतं.

सावेरिओचं तिकडे चांगलं चाललं होतं. २००८ च्या मार्चमध्ये त्याच्या तिसऱ्या वर्षाचा निर्णय व्हायचा होता. पंधरा तारखेला मिलानच्या संस्थेची माणसं फिलाडेल्फियाला जाणार, त्याचं काम बघणार, आणि मग त्याला पावियाला परत यायचं वर्ष मिळणार. आमच्या लॅबमध्ये त्याच्यासाठी टेबलही रिकामं केलं होतं. मेलीनानं स्वतः येऊन ते पुसलं होतं.

दोन मार्चला मेलीनाला जिने चढताना धाप लागली. इस्पितळात नेलं. लोहानं हृदय पोखरलं होतं. डॉक्टर म्हणाले, की औषध सुरू करू, अशा मुली सावरतात. मेलीनानं निवेसचा हात धरून एकच मागितलं.

"पंधरा तारखेपर्यंत त्याला सांगू नका. त्याला कळलं तर तो सगळं टाकून येईल. मग आयुष्यभर ते माझ्या डोक्यावर."

निवेसनं लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवस ती लॅबमध्ये नुसती फिरत होती. मला विचारलं. मी म्हणाले की तिचा आजार, तिची मर्जी. हे मी बोलले होते, ते मी विसरलेले नाही. पाच तारखेला मेलीनाची आई, सिन्योरा अस्सुंता, रात्रभराच्या गाडीनं आली. काळे कपडे, हातात इस्पितळातसुद्धा खायच्या डब्यांची पिशवी. निवेसनं तिला व्हरांड्यात बाजूला घेऊन विचारलं, की मुलाला कळवायचं का. सिन्योरा म्हणाली, पोरीनं मलाही शपथ घातलीय, आणि डॉक्टर बरी होईल म्हणतात, तर दहा दिवसांसाठी त्याची दोन वर्षं वाया घालवू नका. मी तिथेच उभी होते.

रविवारी सावेरिओचा फोन यायचा. नऊ तारखेला मेलीनानं तो खाटेवर बसून घेतला. मागे ट्रे आपटल्याचा आवाज झाला. ती म्हणाली, झीयाबरोबर बारमध्ये बसलेय, कुणीतरी कप फोडला. खोकला आला तेव्हा म्हणाली, सर्दी झालीय. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ डोळे मिटून पडली. तिची आई भिंतीकडे तोंड करून पिशवीतले डबे उगाच लावत राहिली.

तेरा तारखेला दुपारी तिची नाडी बिघडली. संध्याकाळी ती स्वतःच म्हणाली, आता बोलवा. निवेसनं तिथूनच फोन लावला. सावेरिओनं पहिलं मिळेल ते विमान धरलं. चौदा तारखेला सकाळी नऊ वाजता, तो समुद्रावर कुठेतरी असताना, मेलीना गेली.

त्याला घ्यायला माल्पेन्सा विमानतळावर मी गाडी घेऊन गेले. निवेसला गाडी चालवता येत नव्हती, पण ती आली. तो दारातून बाहेर आला. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि सामान जमिनीवर ठेवलं. काही सांगावं लागलं नाही. तो खांबाला टेकून उभा राहिला. मग त्यानं विचारलं,

"इस्पितळात कधीपासून होती?"

"दोन तारखेपासून," निवेस म्हणाली.

"म्हणजे रविवारी ती बारमध्ये नव्हती."

"नव्हती."

"आईला माहीत होतं? मला कळवलं नाही, हे तिला माहीत होतं?"

निवेसनं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "नाही. त्यांना मी सांगितलं होतं की तुला कळवलंय, पण तुला निघता येत नाहीये. निर्णय माझा होता. एकटीचा."

मी तोंड उघडलं होतं. तिनं माझा दंड असा धरला की बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीही दिसत होते.

सावेरिओनं सामान उचललं. आवाज न चढवता तो म्हणाला, "तुमच्या एडिंबराची भरपाई माझ्याकडून करून घेतलीत, दोत्तोरेस्सा."

मेलीनाला गावी नेऊन पुरलं. निवेसला त्यानं येऊ नका असं सांगितलं, म्हणून ती गेली नाही. मिलानच्या संस्थेनं त्याला पुढची तारीख दिली. त्याचं काम पसंत पडलं आणि तिसरं वर्ष मंजूर झालं. त्यानं ते घेतलं नाही. नकाराचं पत्र दोन ओळींचं होतं, त्याची प्रत लॅबला आली. निवेसनं ती वाचली, घडी घातली आणि मला म्हणाली, की ते टेबल आता दुसऱ्या कुणाला देऊन टाक.

मी तिच्यावर चिडले होते. खोटं का बोललीस म्हणून मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी एकदा ती म्हणाली, "त्याला रागवायला कुणीतरी लागणारच होतं. आईवर रागावला असता तर ती बाई एका आठवड्यात दोन मुलांना मुकली असती." मग म्हणाली, "आणि तो एडिंबराबद्दल जे म्हणाला, ते सगळंच खोटं नव्हतं."

ऑगस्टमध्ये ती मेलीनाचे कपडे घेऊन कालाब्रियाला गेली, मीही बरोबर होते. सिन्योरा अस्सुंतानं आम्हाला अंगणात बसवलं, पुढ्यात अंजिरं ठेवली. मुलगा दर आठवड्याला फोन करतो म्हणाली. मग रडत म्हणाली, की मी त्याला खरं सांगते, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. निवेसनं तिला गप्प केलं. तुम्हाला एकच मूल उरलंय आणि मला तसंही कुणी नाही, असं तिनं अगदी हिशेबी आवाजात सांगितलं, जणू प्रयोगाची मांडणी समजावून देतेय. पुढे दर वर्षी ती ऑगस्टमध्ये तिथं जायची, सावेरिओ ख्रिसमसला यायचा, त्याची गाठ पडू नये म्हणून. दोघी मिळून मेलीनाच्या कबरीवर पाणी घालायच्या.

वर्षभर तिनं कुणाची तयारी करून घेतली नाही. मग एक मुलगी दारात येऊन उभी राहिली आणि हटेना, तेव्हा पुन्हा सुरू केलं. पण आता आधी ती घरचं विचारायची. आईवडील कसे आहेत, कुणी आजारी आहे का, फोन आला तर किती तासांत पोचशील. मुलांना वाटायचं म्हातारीला चौकशा फार. जा, असं ती त्यानंतर कुणालाही म्हणाली नाही. अर्ज पक्का करून द्यायची आणि म्हणायची, ठरव तू.

सावेरिओनं पुढे टोरांटोला स्वतःची लॅब उभारली. आमच्याकडच्या तीन मुलांना तिथंच जायचं होतं. निवेसनं त्यांच्यासाठी शिफारसपत्रं लिहिली, इतर कुणासाठी लिहिली असती तशीच. त्यानं तिन्ही मुलांना घेतलं. दोघांमध्ये एवढंच. त्याचा एखादा नवा लेख आला की ती आधी शेवटचं पान उघडायची, जिथं आभार मानतात. मेलीनाचं नाव प्रत्येक वेळी असायचं. निवेसचं कधीच नसायचं. "बरोबर आहे," असं म्हणून मग ती पहिल्या पानापासून वाचायला घ्यायची.

२०१७ च्या जानेवारीत सिन्योरा अस्सुंता गेली. आम्ही दोघी गाडीनं गेलो. चर्चबाहेर सावेरिओ लोकांचे हात हातात घेत उभा होता. केस पांढरे झालेले, शेजारी बायको, तिच्या कडेवर लहान मुलगी. निवेसला पाहून तो दोन पावलं पुढे आला. तिचा हात त्यानं जरा जास्तच वेळ धरला. मला वाटलं आता बोलेल. "आल्याबद्दल आभार, दोत्तोरेस्सा," असं म्हणून तो मागच्या माणसाकडे वळला. परतताना गाडीत निवेस म्हणाली, की हात गार होते त्याचे, हातमोजे घालायला हवे होते.

तिचं दुखणं गेल्या वर्षीच्या वसंतात निघालं, स्वादुपिंडाचा कॅन्सर. असल्या आजारांबद्दल तिला शिकवण्यासारखं डॉक्टरांकडे काही नव्हतं. शेवटच्या महिन्यात मी तिला विचारलं, की सावेरिओला कळवू का, खरं सांगू का. ती म्हणाली, मी गेल्यावर तुला हवं ते कर, पण आता त्याला धावत यायला लावू नकोस.

मी नोव्हेंबरात त्याला लिहिलं. सगळं लिहिलं, व्हरांड्यातलं बोलणंसुद्धा, आणि मीही काय म्हणाले होते तेही. उत्तर चार दिवसांनी आलं.

"ओर्नेल्ला, मला माहीत होतं. आईनं तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात सांगितलं. त्या दिवशी चर्चबाहेर मी तेच बोलायला पुढे आलो होतो. ज्या बाईला आठ वर्षं दोषी धरलं तिच्यासमोर तोंडातून नुसते आभार निघाले. मग म्हटलं पुढच्या उन्हाळ्यात पावियाला जाऊ. मग त्याच्या पुढच्या. तिनं पाठवलेल्या मुलांना मी विचारायचो, की दोत्तोरेस्सा कशा आहेत. मुलं म्हणायची, ठणठणीत आहेत, ओरडतात. मला वाटलं, वेळ आहे."

ते वाचून मला त्याचा राग आला, आणि मग आला नाही. आठ वर्षं निवेस ते शेवटचं पान उघडत होती आणि आठ वर्षं त्याला माहीत होतं. हे मी त्याला लिहिलं नाही.

एप्रिलमध्ये तो आला, नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन. मी त्यांना निवेसच्या कबरीपाशी नेलं. मुलगी इटालियन अडखळत बोलते. तिनं दगडावरचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं आणि विचारलं, ही आपली कोण. तो म्हणाला, तुझ्या आत्याची मावशी. मुलीला ते नातं कळलं नाही, पण तिनं पुन्हा विचारलं नाही.

नंतर त्याला मेलीना राहायची ती खोली बघायची होती. घर विकलं गेलंय, हे मी सांगितलं. तरी आम्ही स्टेशनमागच्या गल्लीत गेलो. दुसऱ्या मजल्यावरची डावीकडची खिडकी मी बोटानं दाखवली. नव्या माणसांनी तिथं सायकल टांगली होती आणि पडदे निळे लावले होते. तो बराच वेळ वर बघत होता. मग मुलगी म्हणाली तिला भूक लागलीय, आणि आम्ही जेवायला गेलो.